डीएसएलआर कॅमेरा

डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल-लेन्स रिफ्लेक्स. या लांबलचक नावातला कळीचा शब्द ‘रिफ्लेक्स’, म्हणजे परावर्तन. लेन्स काढून कॅमेऱ्यात डोकावले, तर समोरच ४५ अंशांत तिरका बसवलेला लहानसा आरसा दिसतो. नाव पडले ते त्याच्यामुळे. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावरून वर वळतो, दुधी काचेवर त्याची प्रतिमा उमटते आणि पेंटाप्रिझम नावाचा लोलक ती सुलटी करून डोळ्यापर्यंत पोहोचवतो. स्वस्त मॉडेलांत लोलकाऐवजी आरशांची जुळणी असते, त्यामुळे चित्र थोडे मंद दिसते. ज्या लेन्सने फोटो निघणार तिच्यातूनच आपण पाहत असतो आणि मध्ये कुठलाही इलेक्ट्रॉनिक पडदा नसतो.

बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर म्हणजे मागचा पडदा उघडतो, सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, प्रकाश पडतो, शटर मिटते आणि आरसा पुन्हा खाली येतो. ओळखीचा ‘खटॅक’ आवाज याच धावपळीचा. तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, अंधार असतो. म्हणजे जो क्षण फोटोत येतो, नेमका तोच फोटो काढणाऱ्याला दिसत नाही!

ही रचना फिल्मच्या जमान्यातली. १९३६ सालचा किने एक्झाक्टा हा ३५ मिमी फिल्मचा आरसेवाला कॅमेरा. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्यावर १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर चढवला. फोटो साठवायची पेटी वेगळी होती आणि ती खांद्याला अडकवून हिंडावे लागे. निकॉन डी१ (१९९९) वृत्तछायाचित्रकारांच्या हाती गेला, कॅननचा ३००डी (२००३) हौशी मंडळींच्या आवाक्यात आला, तर २००८ च्या निकॉन डी९० वर व्हिडिओही घेता येऊ लागला.

सेन्सरचे आकार मुख्यतः दोन. फुल फ्रेम ३६ × २४ मिमीचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. एपीएस-सी त्याहून लहान. लहान सेन्सर दृश्याचा मधलाच भाग टिपतो, म्हणून ५० मिमीची लेन्स त्यावर साधारण ७५ ते ८० मिमीसारखी वागते, म्हणजे दृश्य अधिक जवळ आल्यासारखे दिसते. पक्षी टिपणाऱ्याला हे वरदान वाटते, खोलीचा फोटो काढणाऱ्याला अडचण.

आपल्याला हा कॅमेरा हवा का, याचे उत्तर बहुतेकदा मेगापिक्सेलमध्ये नसून आरशातच असते. आरशाला हलायला जागा लागते, म्हणून बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, जाड आणि जड होते: निकॉनच्या एफ माउंटपासून (माउंट म्हणजे लेन्स जोडायचे कडे) सेन्सर ४६.५ मिमी आत असतो, तर आरसा नसलेल्या झेड माउंटमध्ये हेच अंतर १६ मिमी आहे. व्हिडिओ घेताना आरसा वरच राहतो, त्यामुळे व्ह्यूफाइंडर निरुपयोगी. शांत सभागृहात तो आवाज नको तिथे लक्ष वेधतो. उलट भर उन्हात, स्क्रीनवर काहीच दिसत नाही तेव्हा, हा व्ह्यूफाइंडर मोठा आधार. पडदा सतत पेटता ठेवावा लागत नसल्याने बॅटरीही दीर्घकाळ पुरते.

महागडी बॉडी घेऊन सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स कायम ‘ऑटो’वर वापरणाऱ्याने हा खर्च न केलेला बरा, अशा वापरात मोबाइल, अनेक फ्रेम एकत्र करून, झटपट आणि पुष्कळदा डोळ्यांना अधिक सुखावणारा फोटो देतो. ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) आणि शटरस्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) हाताने फिरवून, चुका करत शिकायचे असेल, तर मात्र साधी बॉडी आणि ५० मिमी एफ/१.८ (म्हणजे मोठ्या ॲपर्चरची) लेन्स ही जोडी पुष्कळ झाली.

कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ पासून भर मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, दिला आहे. म्हणून आज डीएसएलआर घ्यायचा तर बहुधा वापरलेलाच. कॅननच्या डीएसएलआरवर बसणाऱ्या ईएफ लेन्स १९८७ पासूनच्या असल्याने जुन्या लेन्सना तोटा नाही. घेताना शटर किती वेळा चालले आहे ते पाहावे आणि लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्च मारून दुसऱ्या टोकातून तिरके बघावे. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी. असा सौदा सोडून द्यावा.