फ्रासिक्लेया

प्राचीन ग्रीक भाषेतील दुर्मीळ स्त्रीनाम. ‘दाखवणे, कळवणे’ या अर्थाचे ‘फ्राझेइन’ हे क्रियापद आणि ‘कीर्ती’ या अर्थाचे ‘क्लेओस’ हे नाम यांच्या समासातून ते बनले असून ‘कीर्ती प्रकट करणारी’ असा त्याचा अर्थ होतो. पेरिक्लीस, सोफोक्लीस या पुरुषनामांच्या शेवटी हेच ‘क्लेओस’ आहे. त्याचा मूळ अर्थ ‘जे ऐकले जाते ते’ असा असून संस्कृत ‘श्रु’ धातू, त्यापासून आलेला वैदिक ‘श्रवस्’ आणि आपल्या रोजच्या वापरातला ‘श्रवण’ हे त्याचे सगोत्र शब्द होत. महाभारतातील भूरिश्रवा याचे नावही याच घडणीचे आहे. इलियडमधील ‘क्लेओस आफ्थितोन’ (अक्षय कीर्ती) आणि ऋग्वेदातील ‘अक्षिति श्रवः’ (१.४०.४) यांतील दोन्ही शब्द समान मुळांतून आलेले आहेत, हे साम्य जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबेर्ट कून यांनी १८५३ मध्ये निदर्शनास आणले.

हे नाव आज परिचित आहे ते विवाहापूर्वीच मृत्यू पावलेल्या एका मुलीमुळे. अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिका प्रदेशातील मिर्रिनूस (आजचे मेरेंदा) येथे इ. स. पू. सुमारे ५५०–५४० च्या सुमारास तिच्या थडग्यावर पारोस बेटावरील शिल्पकार आरिस्तिओन याने घडवलेला संगमरवरी पुतळा उभारण्यात आला. तिच्या डोक्यावर कमळाच्या कळ्याफुलांचा मुकुट असून, वस्त्रावर लाल रंगाचे अवशेष टिकून आहेत. डाव्या हातात, छातीजवळ, न उमललेली एक कळी आहे. चौथऱ्यावरील लेख असा : “फ्रासिक्लेयाची समाधी. मला सदैव कुमारीच म्हटले जाईल. विवाहाऐवजी देवांकडून माझ्या वाट्याला हेच नाव आले.” प्राचीन ग्रीसमध्ये लेख सहसा मोठ्याने वाचले जात. त्यामुळे तेथून जाणारा जो कोणी तो वाची, त्याच्या तोंडून तिचे नाव उच्चारले जाई, ते इतरांच्या कानी पडे आणि ‘क्लेओस’चा मूळ अर्थ अक्षरशः खरा होई. नाव आणि लेख यांचा इतका हृद्य मेळ क्वचितच आढळतो.

हा चौथरा मेरेंदा येथील चर्चच्या बांधकामात वापरला गेला होता आणि त्यावरील लेख अठराव्या शतकापासून अभ्यासकांना ज्ञात होता. पुतळा मात्र १९७२ मध्ये तेथून जवळच एका खड्ड्यात, एका तरुणाच्या पुतळ्यासह पुरलेला सापडला. पुतळा बसवण्यासाठी ओतलेले शिसे चौथऱ्याच्या खाचेत नेमके बसल्याने नाव आणि चेहरा यांची पुन्हा गाठ पडली. दोन्ही आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.