पांढरं दिसलं की मिलीबगच असं नाही, क्रिप्टोची अळी पण असू शकते

मागच्या सीझनला काकांनी द्राक्षबागेत पांढऱ्या केसाळ अळ्या बघितल्या, मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, लईच वाढला म्हणाले आणि थेट पंप काढला. अर्धी बाग फवारून झाल्यावर मी गेलो, पानं उलटून बघतोय तर मेलेल्यात कितीतरी अळ्या क्रिप्टोलेमसच्या (थोडक्यात क्रिप्टो), म्हणजे मिलीबग खाणाऱ्या भुंग्याचीच पिल्लं आपण मारून बसलो. जीव तुटला बघून.

चूक होतेच कारण दोघांच्या अंगावर पांढरं मेण असतं. पण मिलीबग चपटा, लांबट गोल, पीठ भुरभुरल्यासारखा, कडेनं बारीक आखूड दोरे, आणि सालीखाली, पेऱ्यावर, घडात गठ्ठ्यानं बसून रस पितो. काडीनं डिवचला तरी फारसा हलत नाही. द्राक्षावरचा गुलाबी मिलीबग चिरडला तर गुलाबीसर पाणी निघतं.

क्रिप्टोच्या अळीचं मेण मात्र लांब लांब, विस्कटलेल्या कापसासारखं लोंबतं. पूर्ण वाढली की ती मिलीबगपेक्षा दुप्पट तरी लांब असते आणि डिवचली की चालायला लागते! मोबाईलचा कॅमेरा झूम करून कडेनं बघा, पुढचे सहा पाय स्पष्ट दिसतात. हीच पुढं साधारण ४ मिलीमीटरचा भुंगा होते, पंख काळे, डोकं आणि शेपटाकडचा भाग नारिंगी. ढालकिड्यांचाच भाऊबंद आहे तो, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली दक्षिण भारतात कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणलेला. मादी अंडी घालते तीच मिलीबगच्या कापसासारख्या अंडीपुंजात, म्हणजे पिल्लू बाहेर आलं की खाणं समोरच.

आता मुंग्यांचं बघा, कारण इथंच बरेच जण चुकतात. मिलीबग गोड चिकटा सोडतो, तो खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात, भुंग्यांना हुसकावून लावतात. अळीचं ते पांढरं सोंग मुंग्यांपासून तिला थोडं वाचवतं, पण खोडावर मुंग्यांची रांग असेल तर मिलीबग खायला बागेत क्रिप्टोचे भुंगे सोडले तरी फारसा उपयोग नाही, आधी खोडाला चिकटपट्टी लावा, वारुळं बघा, सैल साल काढा. आणि मिलीबग अगदीच तुरळक असेल तेव्हा पण भुंगे सोडू नका, खायला नसेल तर भुंगा बागेत थांबत नाही.

फवारणीचं माझं स्पष्ट मत आहे, भुंगे सोडले की सरसकट कीड मारणारं कडक औषध बागेत नकोच, कारण सालीखाली लपलेला मिलीबग त्यातून वाचतो आणि उघड्यावर फिरणारा क्रिप्टो आधी मरतो.

यंदा काकांनी क्रिप्टो दिसलेल्या झाडांना लाल रिबीन बांधलीय, पंपवाल्याला सांगून ठेवलंय की तिकडं फिरकायचं नाही.