मुळांवरील गाठी

द्विदल पिकांच्या मुळांवर रायझोबियम गटातील जिवाणूंमुळे तयार होणारे, हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे अवयव. या गाठींचा नत्राशी असलेला संबंध हेलरिगेल व विलफार्ट या जर्मन संशोधकांनी प्रयोगाने दाखवला. १८८८ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी गाठींतले जिवाणू वेगळे काढले.

सोयाबीनच्या मुळातून पाझरणाऱ्या फ्लॅव्होनॉइड द्रव्यांमुळे जिवाणू मूलरोमांकडे ओढले जातात. मूलरोमाचे टोक मुडपते, त्या वळशात सापडलेले जिवाणू बारीक नळीवाटे आत उतरतात आणि सालीतील पेशी विभागून गाठ धरते. भुईमुगात मात्र ते उपमूळ फुटताना पडलेल्या भेगेतून शिरतात; म्हणून तिथे गाठी उपमुळांच्या बेचक्यात दिसतात.

नत्राचा अमोनिया करणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते, पण जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू तर लागतोच. हा पेच गाठीतले लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन सोडवते. ते प्राणवायू धरून ठेवते व बेताबेताने पुरवते. त्याचाच रंग गाठीच्या आत दिसतो.

गाठी पेरणीनंतर ३०–३५ दिवसांनी तपासाव्यात. त्यासाठी झाड उपटू नये, गाठी मातीतच तुटून राहतात. ओल्या जमिनीतून खणून काढावे, मुळे पाण्यात हलकेच धुवावीत आणि गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. पांढरी असेल तर कोवळी किंवा निरुपयोगी, हिरवट-तपकिरी असेल तर संपलेली. सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठींशी गल्लत नेहमी होते. त्या मुळाच्याच फुगवट्या असतात, चोळून सुटत नाहीत. जिवाणूंच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात व सहज निघतात.

बीजप्रक्रियेत १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन (वाढवलेल्या जिवाणूंचे खत) गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळतात, सावलीत सुकवतात आणि त्याच दिवशी पेरतात. बुरशीनाशक व कीटकनाशक आधी, जिवाणू शेवटी. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. हरभऱ्याचे संवर्धन सोयाबीनला चालत नाही, त्याला रायझोबियम गटातला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणूच हवा. पाणी साचले तर मुळांशी हवा खेळत नाही आणि गाठींचे काम थांबते. युरिया जास्त पडला तर गाठी धरतच नाहीत, कारण आयता नत्र मिळत असताना झाड जिवाणूंना साखर पुरवत नाही.

द्विदल घेतले की जमीन आपोआप सुपीक होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. स्थिर झालेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांबरोबर शेताबाहेर जातो. पुढच्या पिकाला मिळतो तो मुळे, पाला आणि काड जमिनीत कुजल्यावर.