बागलाण

बागलाण : नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील डोंगराळ प्रदेश आणि त्याच नावाचा तालुका (मुख्य ठिकाण सटाणा). मध्ययुगीन बागलाण आजच्या तालुक्याहून बराच मोठा होता. सह्याद्रीच्या सेलबारी-डोलबारी रांगा, मोसम, आरम व गिरणा यांची खोरी आणि पश्चिमेला डांगच्या जंगलापर्यंतचा मुलूख त्यात धरला जाई. ‘मासिर-उल-उमरा’ या मोगल सरदारांच्या फारसी चरित्रग्रंथात त्याचे ३४ परगणे व १,००१ गावे सांगितली आहेत. साल्हेर (१,५६७ मी.) व मुल्हेर हे येथील मुख्य किल्ले. सुरतेहून बुऱ्हाणपूर व दख्खनकडे जाणारी वाट या मुलखातून आणि त्याच्या कडेने जाई. गुजरात, खानदेश आणि दख्खन येथील प्रत्येक सत्तेला बागलाण हवा होता, तो मुख्यतः या वाटेसाठी.

बागुल घराण्याचे मूळ : येथे दीर्घकाळ राज्य करणाऱ्या बागुलांच्या मुळाविषयी मतभेद आहेत. मोगल तवारिखांनुसार हे घराणे कनोजच्या जयचंद राठोडाचे वंशज असून ते १,४०० वर्षे बागलाणात राज्य करीत होते. ही दोन्ही विधाने एकत्र टिकत नाहीत, कारण जयचंदाचा अंत ११९४ च्या सुमाराचा आणि ही नोंद सतराव्या शतकातली आहे. दरबारात सांगितलेली वंशपरंपरा लेखकांनी न तपासता उतरवून घेतली असावी. घराण्याची स्वतःची बाजू रुद्रकवीच्या ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्या’त येते. वीस सर्गांचे हे संस्कृत काव्य शके १५१८ मध्ये (इ. स. १५९६) नारायणशाहाच्या आश्रयाने मयूरगिरीवर, म्हणजे मुल्हेरवर, रचले गेले. त्यातही मूळ कनोजकडेच नेले आहे. मात्र ‘राष्ट्रौढ’ हे कुलनाम पाहता दख्खनच्या राष्ट्रकूटांची एखादी शाखा या डोंगरांत टिकून राहिली असावी, असे काही अभ्यासक मानतात. कनोजच्या कथेपेक्षा हे मत भूगोलाशी अधिक जुळते; त्याला थेट आधार देणारा ताम्रपट वा शिलालेख मात्र पुढे आलेला नाही. काव्यातील सुरुवातीच्या पिढ्या आश्रयदात्याच्या गौरवासाठी रचलेल्या दिसतात. सोळाव्या शतकातील राजांविषयी तेच काव्य अधिक भरवशाचे आहे.

यादव काळ व सुलतानी : तेराव्या शतकाच्या अखेरीस अलाउद्दीन खल्जीच्या फौजांनी गुजरात घेतल्यावर कर्ण वाघेला याने देवगिरीच्या रामचंद्रदेवाच्या आश्रयाने बागलाणात आसरा घेतला, असे फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. काही लेखक हे ठिकाण नंदुरबार मानतात. पुढे चौदाव्या शतकात खानदेशातील थाळनेरच्या मलिक राजा फारुकीने बागलाणच्या राजाकडून खंडणी घेतल्याचा उल्लेख आहे. त्यानंतर गुजरातचे सुलतान, बहमनी व निजामशाही यांपैकी जो प्रबळ असेल त्याचे मांडलिकत्व पत्करायचे, पण गड हातचे सोडायचे नाहीत, असे बागुलांचे धोरण दिसते. जहांगीरने हे नेमके ओळखले होते. बागलाणचा राजा गुजरात, खानदेश व दख्खन या तिघा शेजाऱ्यांपैकी कोणाच्याही भेटीला स्वतः जात नसे आणि एकाने हात घातला की दुसऱ्याच्या जोरावर तगून राही, असे तो आपल्या आत्मवृत्तात लिहितो. तेथील झऱ्यांचे व आंब्यांचेही त्याने कौतुक केले आहे. आंब्याचा हंगाम नऊ महिने चालतो, असे तो म्हणतो.

मोगल : १५७३ मध्ये सुरतेच्या विजयानंतर अकबराशी सलोखा करताना राजा बहारजीने (‘बहारजी’ ही गादीवरील प्रत्येक राजाची उपाधी होती) बंडखोर मिर्झा शरफुद्दीन हुसेन याला पकडून स्वाधीन केले. मात्र गुजरात, अहमदनगर व असीरगड पाठोपाठ मोगलांकडे गेल्यावर झुंजवायला दुसरा शेजारीच उरला नाही. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि लगेच दख्खनचा सुभेदार औरंगजेब याने मालोजी दख्खनी व मुहम्मद ताहिर यांना मुल्हेरवर पाठवले. वेढा १६३७ च्या अखेरीस सुरू झाला असावा. माची पडल्यावर बहारजीने आपल्या आईला आठ गडांच्या चाव्या देऊन शाहजाद्याकडे पाठवले आणि सुलतानपूर परगणा मागून घेतला. १६३८ मध्ये राज्य संपले. मुल्हेरचे नाव औरंगगड आणि साल्हेरचे सुलतानगड झाले, पण दोन्ही नावे लोकांच्या तोंडी रुळली नाहीत. बहारजीचा मुलगा पुढे मुसलमान होऊन दौलतमंदखान म्हणून मोगल सेवेत राहिला.

मराठे : सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर (ऑक्टोबर १६७०) परतताना शिवाजी महाराज याच मुलखातून आले. वणी-दिंडोरीची लढाई त्याच वाटेवर झाली. साल्हेर १६७१ च्या आरंभी मराठ्यांनी घेतला. तो परत मिळवण्यासाठी इखलासखान व बहलोलखान यांनी घातलेला वेढा प्रतापराव गुजर व मोरोपंत पिंगळे यांनी दोन बाजूंनी येऊन मोडला. या युद्धाची तारीख सभासदाच्या बखरीत नाही. बहुतेक इतिहासकार फेब्रुवारी १६७२ मानतात आणि तेच ग्राह्य वाटते. सूर्यराव काकडे येथे जंबुऱ्याचा (छोट्या तोफेचा) गोळा लागून पडले. मोठ्या मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवता येते, हे मराठ्यांनी येथे सिद्ध केले, म्हणून या विजयाचे मोल एका गडापेक्षा पुष्कळ जास्त आहे. मुल्हेरही पाठोपाठ मिळाला. १६८७ च्या सुमारास मुल्हेरचा मोगल अधिकारी नेकनामखान याने किल्लेदार असोजीला वळवून साल्हेर लढाईविना घेतला.

नंतरचा काळ : निजामाकडून हा मुलूख भालकीच्या तहाने (१७५२) पेशव्यांकडे आला, असे सर्वसाधारणपणे मानतात. १८१८ मध्ये मालेगावचा भुईकोट जूनमध्ये पडला आणि जुलैत मुल्हेर इंग्रजांच्या हवाली झाला. प्रथम खानदेशात असलेला बागलाण १८६९ मध्ये नव्या नाशिक जिल्ह्यात घातला गेला. पश्चिमेचा डांग १९६० मध्ये गुजरातकडे गेल्याने जुन्या बागलाणच्या मुलखातून आता राज्यसीमा जाते. साल्हेरचा समावेश जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या जागतिक वारसास्थळातील १२ किल्ल्यांत झाला.