डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीजी-४जी: शेवटच्या एका अक्षरात काय दडलंय
भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन डब्ल्यूडीजी-४ सुधारलं आणि त्याचं ४जी झालं, असं रेल्वेच्या चांगल्या दर्दी मंडळींकडूनही ऐकायला मिळतं. नाव बघून तसं वाटणं साहजिक आहे, पण ही दोन इंजिनं एका घरातली नाहीतच.

आधी नाव उलगडू. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, मधला जी गुड्स, म्हणजे मालगाडीचं इंजिन. ४ म्हणजे ४,००० अश्वशक्तीचा वर्ग. डब्ल्यूडीजी-३ए मधला ए ३,००० वर आणखी १०० दाखवतो, म्हणून ती ३,१०० ची. तोच हिशेब इथे लावून जी हे सातवं अक्षर, म्हणजे ७०० जास्त असं धरलं तर फसाल. हा शेवटचा जी जीई, म्हणजे जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा.

डब्ल्यूडीजी-४ जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाची. १९९५ मध्ये तंत्रज्ञान हस्तांतराचा करार झाला, १९९९ मध्ये पहिली इंजिनं परदेशातून आली आणि २००२ पासून वाराणसीच्या रेल्वे कारखान्यात ती बनू लागली. ४जीचा करार २०१५ चा. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या मढौऱ्याला नवा कारखाना उभा राहिला, त्यात रेल्वेचा वाटा २६ टक्के, आणि एकूण १,००० इंजिनं ठरली: ४,५०० अश्वशक्तीची (हीच ४जी) ७००, ६,००० ची ३००. एकीकडे रेल्वेने विद्या घेऊन स्वतःच्या कामगारांकडून इंजिन घडवलं, दुसरीकडे कंपनीने घडवलेलं इंजिन विकत घेतलं. मला हा फरक अश्वशक्तीपेक्षा मोठा वाटतो. तसंही वाराणसीने पुढे डब्ल्यूडीजी-४ ला ४,५०० पर्यंत नेलंच, त्यामुळे ताकदीत दोघी बरोबरीच्या. मूळ कंपन्याही आता त्या राहिल्या नाहीत. ईएमडी २०१० पासून कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेलकडे आहे आणि जीईचा रेल्वे विभाग २०१९ मध्ये वॅबटेकमध्ये गेला.

खरी गंमत पोटात आहे. डब्ल्यूडीजी-४ मध्ये १६ सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ४जी मध्ये १२ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकचा प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला पेटतो, फोर-स्ट्रोकचा दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून जीईला कमी सिलिंडर पण मोठे लागले: एकेक जवळपास पावणेसोळा लिटरचा, ईएमडीचा साडेअकराच्या आसपास. अमेरिकेत २०१५ मध्ये धुराचे नियम कडक झाले तेव्हा ईएमडीलाही तिथल्या नव्या इंजिनासाठी फोर-स्ट्रोककडेच वळावं लागलं.

दोन्हींत डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते वीज बनवतं आणि ती वीज सहा आसांवरच्या सहा एसी मोटरना मिळते. ती वाटायची कशी, यात दोघींची रीत वेगळी. मूळ डब्ल्यूडीजी-४ मध्ये एका बोगीच्या, म्हणजे तीन आस धरणाऱ्या चौकटीच्या, तिन्ही मोटरना मिळून एक इन्व्हर्टर (मोटरला हवी तशी वीज पुरवणारं यंत्र), जीईकडे प्रत्येक आसाला स्वतंत्र. एक चाक घसरलं की जीई तेवढ्याच आसाची ओढ कमी करते आणि बाकीचे पाच ओढत राहतात. जुन्या डब्ल्यूडीजी-४ ला पूर्ण बोगीची ओढ उतरवावी लागते.

कागदावर हे बारीक वाटतं. गोव्यातल्या कुळ्याहून कर्नाटकातल्या कॅसलरॉककडे जाणाऱ्या घाटात ते डोळ्यांना दिसतं. चढ ३७ फुटांना एक फूट, वर दूधसागरचा पाऊस, रूळ साबण लावल्यासारखे. मुरगाव बंदरातून निघालेला कोळसा कित्येक वर्षं हुबळी शेडच्या डब्ल्यूडीजी-४ नी याच घाटातून वर चढवला, पुढून ओढत आणि मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावून. चाकापुढच्या नळीतून वाळू रुळावर पडते, चाक क्षणभर किंचाळतं, मग पकड घेतं आणि अख्खी रांग पुन्हा इंच इंच वर सरकते. स्वतंत्र इन्व्हर्टरची सोय नसताना त्या इंजिनांनी हे केलं, याचा मला फार आदर आहे.

४जीची घरं, म्हणजे शेड, मात्र दूर, गुजरातेत गांधीधाम आणि उत्तर प्रदेशात रोझा. समोर आली तर आधी क्रमांक बघा, ४९ ने सुरू होणारा पाच आकडी असेल तर ती जीई. अंधारात क्रमांक दिसला नाही तर उभ्या इंजिनाजवळ कान द्या. ईएमडीची घुमणारी, सलग गुणगुण असते. जीईचे ठोके सुटे पडतात, धड धड धड, आणि फलाटाच्या फरशीतून ते पायाला जाणवतात.