ई मेजर की ए मायनर? शेप एकच, मग घोळ कुठे होतो

भाच्याला गिटार शिकवायला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "मावशी, तू मला एकच कॉर्ड दोनदा शिकवतेयस." खरं सांगू, त्याचं काही चुकलं नव्हतं. ई मेजर आणि ए मायनर या दोन्ही कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) बोटांची ठेवण, म्हणजे शेप, डिट्टो सेम आहे, फक्त ए मायनरला अख्खा शेप एक तार खाली सरकतो. खाली म्हणजे जमिनीकडे हं, कारण गिटारची पहिली तार सगळ्यात बारीक आणि ती मांडीच्या बाजूला असते, सहावी जाड तार हनुवटीकडे, इथेच निम्मे लोक गडबडतात.

ई मेजर: मधलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावर धातूच्या पट्ट्यांनी पडलेली घरं), अनामिका चौथ्या तारेवर दुसऱ्याच फ्रेटला, पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. ए मायनर: तेच सगळं, पण चौथी, तिसरी, दुसरी तार. मी एकच खूण धरते, पहिलं बोट तिसऱ्या तारेवर असेल तर ई, दुसऱ्यावर असेल तर ए मायनर.

आता शेप तोच असून एक मेजर (आनंदी वाटणारी) आणि एक मायनर (उदास वाटणारी) कसं काय? ट्यूनिंग करताना आपण पाचवा फ्रेट दाबून पुढची मोकळी तार जुळवतो ना, पण तिसऱ्या तारेवरून दुसरी जुळवताना चौथा फ्रेट दाबतो. बस, तोच एक फ्रेट, म्हणजे अर्धा सूर, कमी पडतो. ए मायनरमध्ये पहिलं बोट नेमकं त्या दुसऱ्या तारेवर येतं, त्यामुळे तो सूर अर्ध्याने उतरतो आणि कॉर्ड उदास होते. पेटीवाल्यांच्या भाषेत, पांढरी सहाला सा धरला तर ए मायनर म्हणजे सा, कोमल ग, प, आणि ई मेजर म्हणजे प, शुद्ध नी, रे. नुसती तिसरी तार छेडून बघा, ई मेजरला पहिल्या फ्रेटवर नी आणि ए मायनरला दुसऱ्या फ्रेटवर सा, म्हणून ई नंतर ए मायनर वाजवलं की घरी आल्यासारखं वाटतं.

उजव्या हाताचाही फरक आहे. ई मेजरला सहाच्या सहा तारा बिनधास्त झोडायच्या, ए मायनरला पाचवीपासून. सहावी चुकून वाजली तर बेसूर नाही होत, कारण ई हा सूर त्या कॉर्डमध्ये आहेच, पण आवाज जरा गढूळ होतो. डाव्या अंगठ्याचं टोक दांड्याच्या मागून वर आणून तिला हलकंच टेकवलं की गप्प बसते.

बदलताना भाचा तिन्ही बोटं हवेत उचलायचा आणि मग एकेक शोधत बसवायचा, तोवर ठेका गेला. अरे, शेप तोच आहे तर मोडायचा कशाला? बोटं तशीच एकत्र ठेवून तारेपासून जेमतेम सुटतील एवढीच उचलायची आणि एक तार सरकवायची. मोबाईलवर 60 सेकंद लावून किती वेळा बदललं ते मोजायचं, पहिल्या दिवशी त्याचे 14 झाले आणि त्यातले निम्मे भुणभुणणारे. उजवा हात मात्र थांबवायचा नाही, बोटं पोचली नसली तर मोकळ्या तारा वाजू देत.

आता साहेबांना एवढी चटक लागलीय की परवा तोच शेप अजून एक तार खाली सरकवला आणि म्हणाला, "मावशी, डी मायनर!" जवळपास, पण नाही. अनामिका तिथे दुसऱ्या तारेवर येते, म्हणजे परत तोच एक फ्रेट कमी, ती तिसऱ्या फ्रेटला नेली की मग डी मायनर.