वेठबिगारी प्रतिबंध, कचरा व्यवसायातील

कचरा उचलणे, वाहणे, निवडणे आणि भंगारात विकणे या साखळीत उचल (आगाऊ दिलेले पैसे), धाक किंवा कागदपत्रांचा ताबा यांच्या जोरावर करून घेतले जाणारे काम ओळखण्याची व थांबवण्याची व्यवस्था. ही जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे महापालिकेची किंवा तिच्याकडून काम घेतलेल्या कंपनीची. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात ३ कोटी ६० लाख पौंडांवरील उलाढालीच्या कंपन्यांना पुरवठा साखळीबाबत वार्षिक निवेदन द्यावे लागते. भारतातील आधार वेगळा आहे : संविधानाचा अनुच्छेद २३ आणि वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा.

शब्दाची व्युत्पत्ती : वेठ आणि बिगार हे दोन समानार्थी शब्द जोडून हा शब्द झाला. बिगार हा फारसी ‘बेगार’वरून आला, याबद्दल फारसा वाद नाही. वेठचे मूळ संस्कृत ‘विष्टि’त (सक्तीचे श्रम) सांगतात. क्षत्रप राजा रुद्रदामनाच्या जुनागढ लेखात (सामान्यतः इ. स. १५० च्या सुमाराचा मानतात) कर, विष्टी व प्रणय (देणगीच्या नावाखालची जादा वसुली) यांनी प्रजेला न पीडता सुदर्शन तलाव दुरुस्त केल्याचे म्हटले आहे, तर वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला सर्व विष्टींतून सूट मिळते. कन्नड ‘बिट्टी’ व तमिळ ‘वेट्टी’ यांवरून काहींनी मूळ द्राविडी मानले आहे. ‘विष्टि’चे अंतिम मूळ कुठलेही असो, मराठी ‘वेठ’ हे प्राकृत ‘विट्ठि’वरून सरळ साधता येते, त्यामुळे मराठीपुरता संस्कृत-प्राकृत मार्ग अधिक पटण्याजोगा आहे. मात्र ही जुनी वेठ राजसत्तेला द्यायची श्रमरूप पट्टी होती, तिचा कर्जाशी संबंध नव्हता. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी साधारण १९१८ ते १९२० दरम्यानच्या हुकुमांनी मोडली ती वतनाशी बांधलेली वेठ. १९७६ चा कायदा मुख्यतः कर्जातून आलेल्या बंधनाविषयी आहे. एकाच शब्दामुळे दोन्हींची गल्लत होते, आणि ‘आमच्याकडे वेठ कुठे आहे, पैसे देऊनच माणसे आणतो’ असा बचाव पुढे येतो.

साखळी व भाषा : कोल्हापुरात घंटागाडीतून निघालेला कचरा कसबा बावड्याच्या लाइन बाजारातील झूम या कचरा प्रकल्पाकडे जातो. शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतील वापरलेली वाळू भाड्याच्या डंपरने हलते. मजूर पुरवण्याचे शब्द ऊसतोडीचेच आहेत : मुकादम, टोळी, उचल. धोका सर्वांत वाढतो तो पंचगंगेचा पूर ओसरल्यावर. २०१९ व २०२१ सारख्या पुरानंतर भिजलेल्या गाद्या, फर्निचर व धान्य दोन-चार दिवसांत हलवायचे असते, आणि अशा घाईत बाहेरगावची टोळी हजेरीपटावर न येताच कामाला लागते.

दराचा हिशेब : बंधनाची मुळे बहुधा निविदेतच असतात. मासिक वेतन १५,००० रुपये धरले, तर भविष्य निर्वाह निधी व त्याचा खर्च १३ टक्के (१,९५०), कामगार विमा ३.२५ टक्के (४८७.५०) आणि बोनस ८.३३ टक्के (१,२४९.५०) मिळून १८,६८७ रुपये होतात. सुट्टीचा बदली कामगार, हातमोजे, बूट, देखरेख व नफा त्याबाहेर. कंत्राटदाराने माणशी १७,००० चा दर भरला, तर तूट मजुराच्या खिशातूनच भरली जाते. म्हणून किमान वेतनाखालचा दर फेटाळणे पुरेसे नाही, या बेरजेखालचा दरही फेटाळला पाहिजे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात घेतलेले काम ही सक्तीची मजुरी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्ये सांगितले आहे.

तपासणी : पहिली कसोटी साध्या गुणाकाराची. ४० घंटागाड्या, प्रत्येकीवर चालक व एक मदतनीस, म्हणजे रोज ८० माणसे. आठवड्याची सुट्टी धरता किमान ९४ नावे लागतात. पटावर ८०च असतील, तर एकतर सुट्टी नाही किंवा बिननावाची माणसे राबतात. मग पटावरील नावे निर्वाह निधीच्या मासिक विवरणाशी ताडावीत. बँकेत पगार जमा होणे हा पुरावा नव्हे. पासबुकात जमेच्याच दिवशी, एकाच एटीएममधून, टोळीतल्या साऱ्यांची पूर्ण रक्कम निघालेली दिसली, तर कार्डे मुकादमाकडे आहेत. तपासणी फसते ती मुकादमासमोर विचारल्याने. माणूस एकटा असताना तीन प्रश्न पुरतात : आधार कार्ड कुणाकडे आहे, उचल किती फिटली, उद्या काम सोडले तर काय होईल.

मुकादमाची खिशातली वही मिळाली, तर ती नीट वाचावी. ४०,००० उचल, दरमहा ४,००० कपात, म्हणजे दहा महिन्यांत खाते मिटायला हवे. दहाव्या महिन्यात बाकी ३१,००० दिसते, कारण मधल्या ओळींत ‘खोली’, ‘किराणा’, ‘खाडा’, ‘दवाखाना’ असे आकडे चढलेले असतात आणि समोर मजुराचा अंगठा नसतो.

भंगाराकडील टोक : येथे मजुरी नसते, म्हणून तपासणी सहसा पोहोचत नाही. भंगारवाला कचरावेचक बाईला उचल देतो. अट अशी की पुठ्ठा, पत्रा, कडक प्लास्टिक त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने घालायचे. १९७६ च्या कायद्यातील व्याख्येत आपल्या श्रमाचे उत्पादन बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणे याचाही समावेश आहे. त्यामुळे ही अट केवळ व्यापारी सवय मानणे चूक ठरते. उपाय म्हणजे कंपनीने सुका कचरा घेणाऱ्यांची यादी ठेवणे, भाव फलकावर लावणे आणि वजनाची पावती देणे.

प्रकरण आढळल्यास : ‘पैसे वसूल करून सोडून द्या’ असे कंत्राटदाराला सांगणे ही नेहमीची घोडचूक. १९७६ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार ते कर्ज संपलेले असते, आणि कलम ९ नुसार त्यापोटी पैसे घेणे हाच तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कर्ज बंधनाचे नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ नुसार धनकोवर असतो. कंत्राट एकाएकी रद्द केल्यास टोळी दुसऱ्या मुकादमाकडे जाते आणि उचलही तिच्याबरोबर जाते. त्यामुळे आधी जिल्हाधिकारी किंवा करवीरच्या प्रांताधिकाऱ्यांना लेखी कळवावे, थकलेले वेतन मुख्य मालकाने द्यावे आणि काम चालू ठेवावे. केंद्राच्या योजनेत पुनर्वसनासाठी प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपये आहेत. मुक्तता प्रमाणपत्रावर पत्नीचे व राबणाऱ्या मुलांचे नाव स्वतंत्र घालून घ्यावे. जोडीने काम होत असल्याने ते पुरुषाच्या एकट्याच्या नावे निघते आणि बाईचा हक्क कागदावरच येत नाही.